बॅटरी नवी टाकली तरी जुनी बुलेट घाटात ठार बंद : पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

साताऱ्याच्या एका भावाने विचारलंय, थोडक्यात असं : वडिलांची 1996 ची बुलेट 350 आहे, कास्ट आयर्न इंजिन, किकवाली, पॉइंट-कंडेन्सरचीच (म्हणजे स्पार्कसाठी उघडमीट करणारा जुना यांत्रिक स्विच, इलेक्ट्रॉनिक नव्हे). पावसात कासला चालले होते, यवतेश्वर घाटात चढावर गाडी एकदम बंद. इंजिन गेलं, हेडलाइट गेला, हॉर्न पण नाही. वीसेक मिनिटं थांबले, चावी फिरवली तर सगळं परत चालू. खाली आल्यावर मेस्त्रीने बॅटरी गेली म्हणून नवी टाकली. दोन दिवस झकास पळाली, तिसऱ्या दिवशी पोवई नाक्यावर भर ट्रॅफिकमध्ये परत तसंच. आता मेस्त्री म्हणतोय रेग्युलेटर आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे भाग) बदलू, नाहीतर सगळी वायरिंग नवीन करू. तर काय करावं?

भाऊ, मी सांगलीचा. विश्रामबागला माझं वायरिंगचंच काम, सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी वर्षं मी पण तुमच्या मेस्त्रीसारखंच करायचो, म्हणून त्याला लगेच शिव्या घालू नका. पण रेग्युलेटर, अल्टरनेटर, वायरिंग यातलं काहीच आत्ता घेऊ नका. तुमच्या सांगण्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्यावरून निम्मं काम झालंय, फक्त त्या कुणी कानावर घेतल्या नाहीत.

पहिली गोष्ट, "एकदम". चार्जिंग बंद पडलं की गाडी एकदम मरत नाही, रडत रडत मरते. आधी हेडलाइट पिवळा पडतो, इंडिकेटर लावला की लाइट झुकतो, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, मग इंजिन मिस मारायला लागतं आणि मग कधीतरी बंद पडतं. यात कधी अर्धा तास जातो कधी दोन दिवस, बॅटरीत किती दम आहे त्यावर. आणि असली गाडी वीस मिनिटं उभी करून आपोआप पूर्ववत पळत नाही, फार तर एखादी किक घेईल आणि पुढच्या वळणावर परत बसेल. तुमची गाडी पूर्ण लाइटमध्ये असताना खटकन गेली आणि पूर्ण लाइटमध्येच परत आली. म्हणजे करंट संपला नव्हता, करंटची वाट तुटली होती. रेग्युलेटर-अल्टरनेटरचा संशय माझ्याकडून इथंच बाद.

दुसरी गोष्ट, नवीन बॅटरीवर दोन दिवस चालली. आता इथं सगळे फसतात, मी पण लय वेळा फसलोय. बॅटरी बदलताना काय होतं बघा, टर्मिनल सुटतं, पुसलं जातं, परत आवळलं जातं, वायर इकडची तिकडे होते, सीट निघते, फ्युजला हात लागतो, चावी चार वेळा ऑन ऑफ होते. यातल्या कशानेतरी तुटलेली वाट दोन दिवसांपुरती जुळली आणि क्रेडिट बॅटरीला मिळालं. बॅटरी बदलल्यामुळे गाडी चालू झाली नाही हो, बॅटरी बदलताना हात लागला म्हणून चालू झाली. तुमची जुनी बॅटरी बहुतेक चांगलीच असणार, भंगारात दिली नसेल तर परत मागून घ्या.

म्हणून आमच्या दुकानात आता नियम आहे, अशी गाडी बंद अवस्थेत आली की पोरांनी आधी हात मागे बांधायचे. बंद आहे तोवरच चोर घरात आहे. वायरी हलवल्या, ठोकलं, चावी खुडखुड केली की गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आठवड्याने शिव्या देत परत येतं.

मला हे शिकवलं ते एका साखर कारखान्यातल्या फिटर काकांनी, त्यांची पण अशीच जुनी बुलेट होती. रात्रपाळीला जाताना बंद पडायची. मी पहिल्यांदा बॅटरी टाकली, मग इग्निशन कॉइल, मग रेग्युलेटर. दर वेळी गाडी आठ दहा दिवस चालायची आणि मी छाती फुगवून बसायचो. चौथ्यांदा काका गाडी ढकलतच आले आणि म्हणाले, आता सामान नको टाकू, आता बघ. बघितलं तर हेडलाइटच्या वरच्या डोक्यात जो अॅम्पिअर मीटर (अॅम्पमीटर, करंट किती जातो ते काट्याने दाखवणारा) असतो त्याच्या मागचा नट अर्धा आटा ढिला. बास. अर्ध्या आट्यासाठी मी त्यांना तीन पार्ट विकले होते. दोन पार्ट मी परत घेतले, बॅटरीचे पैसे ते नको म्हणाले.

तुमच्याच गाडीत अॅम्पमीटर असेल असं मी छातीठोक सांगत नाही हां. लांबून कुणीच सांगू शकत नाही, आणि अठ्ठावीस-तीस वर्षांत त्या वायरिंगला किती हात लागलेत देव जाणे. पण सगळं एकाच वेळी गेलं याचा अर्थ बिघाड अशा जागी आहे जिथून सगळ्यांचा करंट जातो, आणि अशा जागा मोजक्या आहेत : बॅटरीची दोन टर्मिनल, चासीची अर्थिंग (बॅटरीची एक वायर गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केलेली असते ती), फ्युज आणि त्याचा होल्डर, अॅम्पमीटर, इग्निशन स्विच, आणि यांना जोडणाऱ्या दोन तीन जाड वायरी. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग यात काहीही झालं तरी हॉर्न आणि हेडलाइट जाणार नाहीत, तेव्हा ते उघडूच नका. एक भानगड आहे, काही गाड्यांत हॉर्नची वायर अॅम्पमीटरच्या आधीच घेतलेली असते, हॉर्न करंट जास्त खातो म्हणून. तुमच्यात तशी असेल आणि तरी हॉर्न गेला असेल तर बिघाड अजून अलीकडे, बॅटरीच्या जवळ. पण हे वायर बघितल्याशिवाय कळणार नाही.

आणि हे पण आठवून बघा, बंद पडायच्या क्षणी हेडलाइट एकदम भगभगला होता का, की नुसता गेला? इंजिन चालू असताना बॅटरीचीच वाट तुटली तर अल्टरनेटरचा करंट सांभाळायला कुणी उरत नाही, लाइट क्षणभर जोरात पेटतो, कधी बल्ब उडतो सुद्धा. नुसता गेला असेल तर संशय स्विचकडे जास्त जातो. पक्का पुरावा नाही हा, पण आम्ही विचारतो.

(ज्यांच्याकडे स्प्लेंडरसारखी जुनी किकवाली गाडी आहे त्यांनी हे जसंच्या तसं लावू नका. त्यात इंजिनचा स्पार्क मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) स्वतःच्या कॉइलवर सीडीआयमधून (स्पार्कचा इलेक्ट्रॉनिक डबा) होतो, बॅटरी काढून ठेवली तरी ती गाडी पळते, जुन्यांचा हेडलाइट पण थेट मॅग्नेटोवर. तिथे इंजिन आणि लाइट-हॉर्न एकदम गेले तर विचार वेगळा करावा लागतो.)

आता शोधायचं कसं. मल्टीमीटर असेल तर असू द्या, पण या कामाला मी तो दुसऱ्या नंबरला ठेवतो. कारण सांगतो. वायरीत तीस तारा आहेत, एकोणतीस तुटल्या आणि एक राहिली, तरी मीटर 12.5 व्होल्टच दाखवणार, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. तुम्ही म्हणणार व्होल्टेज तर आहे, आणि हेडलाइट लावला की सगळं भुईसपाट. म्हणून टेस्ट लॅम्प बनवा. ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब, होल्डर, दीड-दोन हात वायर, दोन टोकांना चिमटे. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे वाटेत कुठं अडचण असेल तर तो मंद होऊन चुगली करतो. एलईडीचा टेस्टर नको, तो मीटरसारखाच खोटारडा.

चावी ऑन, हेडलाइट ऑन, गाडी बंद अवस्थेत सापडली तर सोन्याहून पिवळं. लॅम्पचा एक चिमटा चासीच्या उघड्या, रंग नसलेल्या बोल्टला. दुसरं टोक आधी थेट बॅटरीच्या प्लसच्या शिशाला लावायचं, वायरीच्या थिंबलला (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) नाही, शिशालाच. पेटला ना? मग आता थिंबलला. शिशाला पेटतो आणि थिंबलला पेटत नाही तर टर्मिनल, शोध संपला. शिशाला पण पेटत नसेल तर चासीवरचा चिमटा काढून बॅटरीच्या मायनसच्या शिशाला लावा, आता पेटला तर अर्थिंग गेलेली आहे. मग फ्युजच्या पलीकडे, मग अॅम्पमीटरच्या एका नटाला, मग दुसऱ्या नटाला, मग इग्निशन स्विचला येणारी वायर, मग जाणारी. आधीच्या जागी पेटला आणि पुढच्या जागी विझला की बिघाड त्या दोनच्या मध्ये, तिसरीकडे असूच शकत नाही. उसाला पाणी सोडलं आणि शेवटच्या सरीला पोचलं नाही तर आपण विहिरीवरची मोटर बदलतो का? पाइपलाइन धरून चालत जातो आणि ओल कुठं संपली ते बघतो. तसंच हे, यात जादू काही नाही.

आणि सापडल्या क्षणी गाडी चालू असली (बहुतेक असंच होणार, आमच्याकडे आली की सगळ्या गाड्या शहाण्या होतात) तर मग हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून एकेक जागा बोटाने हळूच दाबायची, एका वेळी एकच. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. चावी कडेला ढकलून बघायची. चावीला तुम्ही काय काय अडकवलंय, घराच्या किल्ल्या, गणपती, बाटली उघडायचं? ते सगळं वजन खड्ड्यात स्विचच्या आतल्या पितळी पट्टीवर नाचत असतं. जुन्या स्विचमध्ये ती पट्टी झिजते, आतलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं आणि कॉन्टॅक्ट नुसता टेकल्यासारखा राहतो.

वीस मिनिटांनी आपोआप चालू का झाली, याचं पण उत्तर यातच आहे. साधा हिशोब. 35 वॅटचा हेडलाइट म्हणजे साधारण तीन अँपिअर, पॉइंटवाली इग्निशन कॉइल सरासरी दोन अडीच, टेललाइट वगैरे धरून सहाच्या आसपास. आता ढिल्या जॉइंटला समजा फक्त 0.2 ओहमचा अडथळा आहे. सहा गुणिले 0.2, जवळजवळ सव्वा व्होल्ट तिथंच गेले, आणि सहा सव्वा साडेसात वॅटची उष्णता त्या टाचणीएवढ्या जागेत. तापला की धातू पसरतो, रिवेट ढिला होतो, अडथळा वाढतो, अजून तापतो, आणि एका क्षणी सुटतोच. थंड झाला की परत टेकतो. घाटात चढावर, पावसात लाइट लावलेला, तिथेच गाडी का गेली ते बघा. आणि हो, हेडलाइटला कुणी 60/55 चा हॅलोजन टाकलाय का? टाकला असेल तर नुसत्या लाइटचेच पाच अँपिअर झाले आणि तेही सगळे त्या जुन्या स्विचमधून, रिले (मोठा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारा छोटा डबा) न लावता. रिले लावा नाहीतर मूळचा बल्ब परत लावा.

आता जागा एकेक, माझ्या संशयाच्या क्रमाने.

अॅम्पमीटर. याच्यातून जवळजवळ सगळा करंट जातो, म्हणूनच तो दाखवू शकतो, आणि म्हणूनच तो सुटला की सगळं जातं. चावी ऑन, हेडलाइट लावला की काटा मायनसकडे झुकला पाहिजे, किक हळू दाबली की पॉइंट उघडमीट करतात तसा काटा डुलला पाहिजे. गाडी मेलेली असताना काटा मधोमध ढिम्म असेल तर करंट तिथपर्यंत येत नाहीये किंवा तिथून पुढं जात नाहीये. हेडलाइटची रिंग काढा, आत वायरींचं पाखराच्या घरट्यासारखं जंजाळ असेल, घाबरू नका, मोबाइलवर चार फोटो काढा आणि मगच हात घाला. नट आवळायच्या आधी बॅटरी सोडायची, आणि जी वायर चासीला बोल्ट केलेली आहे ती आधी, नाहीतर पाना चासीला लागला की वेल्डिंग चालू होतं. मीटरवरच संशय असेल तर त्याच्या दोन्ही नटांच्या वायरी एकाच बोल्टवर एकत्र आवळून, वर नीट टेप मारून चार दिवस चालवा. काटा चालणार नाही पण गाडी बंद पडली नाही तर चोर सापडला.

फ्युज होल्डर. काचेचा फ्युज बाहेरून शाबूत दिसतो, पण टोकाची टोपी आतून सुटलेली असते नाहीतर होल्डरची स्प्रिंग गंजून मऊ पडलेली. प्लास्टिक वितळल्याची खूण असेल तर नवीन पातीवाल्या फ्युजचा होल्डर लावा, किरकोळ काम आहे. आणि फ्युजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तार सापडली तर ती आजच काढा. मी टाकीखाली अख्खं वायरिंग जळून एकजीव झालेलं बघितलंय, टाकीत पेट्रोल असतं एवढंच सांगतो.

अर्थिंग. गाडीला मध्ये कधी रंग किंवा पावडर कोटिंग केलं का? आजकाल रिस्टोअर करायचं फॅड आहे, गाडी लग्नातल्या घोड्यासारखी चकाचक आणि अर्थचा बोल्ट रंगावर आवळलेला. बोल्टचे आटे थोडा करंट देतात म्हणून काही दिवस चालतं, मग पाणी शिरलं की संपलं. रंग पॉलिश पेपरने खरवडून पितळासारखा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, नवीन रिंग थिंबल, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. मी तर इंजिनच्या बोल्टपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जादा जाड वायर देतोच, कुणी मागो न मागो.

पाण्याचं म्हणाल तर आम्हा सांगलीकरांना त्याचं वेगळं शिक्षण मिळालंय. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, त्यानंतर वर्षभर माझ्याकडे बुडालेल्या गाड्याच येत होत्या. वरून धुऊन पुसून चालू केलेल्या, आणि सहा महिन्यांनी कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) उघडला की आत हिरवी बुरशी असल्यासारखं. ती बुरशी नाही, तांब्याचा गंज आहे, आणि तो वायरीच्या कातडीखालून वीतभर आत चढतो. वायर वरून धडधाकट, सोलली की काळी. काळी तार सोल्डर पण धरत नाही, लख्ख तांबं दिसेपर्यंत कापायची आणि नवा तुकडा जोडायचा. तुमच्याकडं पूर नसला तरी कासचा पाऊस काही कमी नाही.

तर आत्तापर्यंतचं एवढंच की बिघाड सामाईक वाटेवर आहे, ढिला किंवा गंजलेला जॉइंट आहे, आणि टेस्ट लॅम्पने तो अर्ध्या तासात सापडतो. फ्युज उडत असता तर गोष्ट वेगळी होती, मग शॉर्ट शोधावा लागला असता. त्याची युक्ती पण सांगून ठेवतो, फ्युजच्या जागी हेडलाइटचा बल्ब लावायचा, शॉर्ट असेल तर तो फुल पेटतो, मग हँडल फिरवत, टाकीखालची, सीटखालची, मागच्या मडगार्डमधली वायर हलवत जायचं, बल्ब मंद झाला की तिथंच. फ्युज वाया जात नाहीत आणि वायर जळत नाही.

वायरिंग नवीन करायची का? याला एक उत्तर नाही. वायर वाकवली की वरचं कातडं पापडासारखं मोडत असेल, तीन चार ठिकाणी टेपचे गाठोडे असतील, एकाच रंगाची वायर मधेच दुसऱ्या रंगाची होत असेल, तर करा, पण बिघाड शोधून झाल्यावर. आधी केली तर बिघाड स्विचमध्ये असेल तो तसाच राहतो आणि नव्या वायरिंगमध्ये जुना चोर घेऊन तुम्ही परत पोवई नाक्यावर उभे. वायर लवचिक असेल तर फक्त जॉइंट, थिंबल आणि कपलर नवीन करा. आणि जॉइंट पिळून टेप मारलेला नको, थिंबल दाबून, वर स्लीव्ह.

सगळं झाल्यावर मल्टीमीटर काढा, आता त्याचं काम. बॅटरी तासभर आराम देऊन 12.6 च्या आसपास पाहिजे, इंजिन चालू करून थोडी रेस दिली की टर्मिनलवर 13.8 ते 14.5. त्याच्या खाली राहिलं किंवा 15 च्या वर गेलं तर मग रेग्युलेटरचं बोलू, तेव्हा मेस्त्रीचं म्हणणं खरं असेल. अजून एक, हेडलाइट लावून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी इग्निशन स्विचमधून निघणाऱ्या वायरीला. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत आला तर वाट स्वच्छ. एक-दीड आला तर अजून कुठंतरी खडा आहे, परत लॅम्प घेऊन चाला.

तोपर्यंत रात्रीचं घाटात जाऊ नका. अंधारात वळणावर लाइट गेला तर गाडी दुरुस्त होईल, तुमचं काय. आणि दिवसा कुठं अडकलातच तर घरी यायचा उपाय, पण आधी ऐका, ही वायर सोबत ठेवलेली असली पाहिजे : मीटरभर वायर, मध्ये 10 अँपिअरचा फ्युज, दोन्हीकडे चिमटे. इग्निशन कॉइलला स्विचकडून येणारी वायर काढून तिथं हिचं एक टोक लावायचं, दुसरं बॅटरीच्या प्लसला. अर्थिंग शाबूत असेल तर इंजिन चालू होणार, लाइट-हॉर्न नाही मिळणार. चावीने बंद होणार नाही, चिमटा काढूनच बंद करायची, आणि थांबलात की लगेच काढा, कारण पॉइंट बंद स्थितीत थांबले तर कॉइल तापून जळते आणि बॅटरी पण बसते. जुनी वायर मोकळी राहील तिला टेप मारायला विसरू नका.

येत्या रविवारी दुपारी ऊन पडलं तर हेडलाइटची रिंग काढा आणि अॅम्पमीटरच्या मागच्या दोन नटांवर बोट ठेवा. आणि ते नट काळे पडलेत का, हिरवे पडलेत का, की नुसते ढिले आहेत ते कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.